गल्ल्यावर मुलं बसवा!

मंडळी, गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक सौदा झाला. पाहुण्यांच्या सहा वर्षांच्या चिरंजीवांनी आमच्या लेकीला एक डाइम देऊन तिचा निकेल घेतला. निकेल आकाराने मोठा, म्हणून स्वारी खूश! हे चिरंजीव दर शनिवारी अबॅकसच्या क्लासला जातात. त्यांची आई ओशाळली, पण मला विचाराल तर चूक मुलाची नाही. डाइमवर १० हा आकडा कुठेच नाही, क्वार्टरवर २५ नाही. ही नाणी हाताळूनच कळतात, आणि आपण मुलांच्या हातात देतो काय, तर आयपॅड.

"हल्ली सुटे पैसे असतात कुठे?" हे एक उत्तर. "मुलांसमोर पैशाचं बोलू नये" हे दुसरं. वा! घरांच्या किमती आणि स्टॉक ऑप्शन्स आपण पार्टीत मुलांसमोरच मोठ्यानं बोलतो की!

नोव्हेंबर २००५ मध्ये नव्हे, अगदी परवा, नोव्हेंबर २०२५ मध्ये, पेनी पाडणं थांबलं. पण जुन्या पेन्या चालतात, घरोघरी बरण्या भरून पडल्यात. दहा पेन्या मोजून एक डाइम घ्यायचा, यापेक्षा एकक-दशक वेगळं काय असतं? ६५ सेंटांचा ज्यूस, हातात एक डॉलर. निकेल ठेवला की ७०, आणखी एक ठेवला की ७५, वर क्वार्टर, झाला डॉलर. वजाबाकी न शिकवता झाली. कार्ड फिरवताना यातलं काहीच दिसत नाही.

आणि आपल्या मराठी शाळेत आपण काय करतो? एक ते शंभर घोकून घेतो. मुलं 'एकोणपन्नास'ला अडखळली की हसतो. अहो, दोन क्वार्टर ठेवा, एक पेनी परत घ्या. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी, हे पोराला दिसेल तरी! क्वार्टर म्हणजे पाव, तीन क्वार्टर म्हणजे पाऊण, पाच म्हणजे सव्वा. आपल्या आजोबांनी पाठ केलेली पावकी या देशाच्या नाण्यात आयती पडली आहे.

गणेशोत्सवात वडापावच्या स्टॉलवर आता फोन दाखवून पैसे देतात. रांग लवकर सरते, मान्य. यंदा एक स्टॉल तरी फक्त रोखीचा ठेवा आणि गल्ल्यावर पहिली-दुसरीतली मुलं बसवा. रांग थांबली तर थांबू दे. हिशेबात तूट आलीच तर ती मी भरीन, कार्यकारिणीने हे लिहून घ्यावं.