ठेंगणे छत, प्रसन्न घर

मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या बंगळुरूच्या जुन्या वस्त्यांत आजही काही कौलारू घरे दिसतात. उंच छत, लाल ऑक्साइडची गुळगुळीत जमीन आणि वरून येणारा वारा ही त्यांची ओळख. पण पुणे, सोलापूर, बेळगावहून नोकरीसाठी येथे येणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला बहुधा ३० बाय ४० फुटांच्या साइटवरच्या घराचा एखादा मजला, नाही तर फ्लॅट येतो. घर पाहताना खोल्यांची लांबी-रुंदी मोजली जाते, छताची उंची मात्र कुणी मोजत नाही. मग कपाटे, पलंग लागले की खोली अंगावर आल्यासारखी वाटते.

राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे सुमारे ९ फूट हवी. वातानुकूलित खोलीत ती २.४ मीटर, म्हणजे जवळजवळ ८ फूट चालते. भाड्याच्या घरात छत काही वर उचलता येत नाही. पण थोड्या खर्चात उजेडाची जागा बदलता येते आणि खोलीचे रूप त्यानेच पालटते.

उजेड छतावर पडू द्या

बहुतेक घरांत खोलीच्या मधोमध एकच दिवा असतो. त्याचा सारा उजेड खाली पडतो, छत आणि कोपरे काळोखात राहतात. काळोखे छत आहे त्याहूनही खाली आल्यासारखे दिसते. म्हणून काही दिवे भिंतीवर आणि छतावर उजेड टाकणारे असावेत. उंच कपाटाच्या माथ्यावर मागच्या बाजूला एलईडी पट्टी ठेवली, तर दिवा दिसत नाही आणि छत उजळते. मात्र कपाट व छत यांत फूटभर तरी अंतर हवे, नाही तर छतावर एकाच जागी झगझगीत डाग पडतो.

९ वॉटचा एलईडी बल्ब जुन्या ६० वॉटच्या बल्बाइतका तरी उजेड देतो. बैठकीच्या खोलीत ३००० केल्विनचा पिवळसर उजेड शांत वाटतो. ओट्यावर आणि मुलांच्या टेबलावर ४००० केल्विनचा पांढरा दिवा बरा. लोंबते दिवे येण्याजाण्याच्या वाटेवर टाळावेत. हौस असेल तर जेवणाच्या टेबलावर, टेबलापासून सुमारे अडीच फूट उंचीवर एक लावावा.

फॉल्स सीलिंगचा मोह मात्र आवरावा. आधीच ठेंगण्या खोलीतले सहा-आठ इंच त्यात जातात आणि पैसे घरमालकाच्या भिंतीत अडकतात.

पंख्याकडे दुर्लक्ष नको

खोली ८ फुटांची आणि पंख्याची दांडी फूटभर असली, की पाती ७ फुटांवर फिरतात. सदरा काढताना उंच माणसाचा हात तेथे सहज पोचतो. मुलांचा दुमजली पलंग तर पंख्याखाली कधीच ठेवू नये. दांडी फार आखूड केली तर पाती छताला चिकटतात आणि वारा कमी लागतो. अशा खोलीत भिंतीवरचा पंखा उत्तम. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने वर्षातले बरेच दिवस तो पुरतो. पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा असेल तर सावल्या सारख्या फिरतात आणि वाचणाऱ्याचे डोळे शिणतात. तो दिवा बाजूला घ्यावा.

रंग, पडदे आणि बैठक

छताला चमक नसलेला पांढरा रंग द्यावा, भिंती फिक्या ठेवाव्यात. भिंतीच्या माथ्याशी गडद पट्टा नको, तो छत खाली ओढतो. पडद्याची दांडी खिडकीच्या लगेच वर न लावता छताजवळ लावावी आणि उभ्या रेघांचा पडदा जमिनीपर्यंत सोडावा. लहान तसबिरींची आडवी रांग लावण्यापेक्षा एक उंच चित्र शोभते. खिडकीसमोर आरसा असेल तर दिवसाचा उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

बुटका दिवाण, गादी आणि लोड यांमुळे डोक्यावर मोकळी जागा दिसते. पण घरात आजी-आजोबा असतील तर सगळीच बैठक बुटकी करू नये. सतरा-अठरा इंच उंचीची, हात असलेली एक भक्कम खुर्ची त्यांच्यासाठी हवीच, कारण खाली बसले की उठताना गुडघे साथ देत नाहीत. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर जमिनीलगत मंद दिवाही ठेवावा.

खरेदीआधी परीक्षा

घर सोडताना रंगकामासाठी डिपॉझिटमधून रक्कम कापण्याची पद्धत बंगळुरूत आहे. म्हणून भोके पाडण्यापूर्वी व रंग बदलण्यापूर्वी घरमालकाला विचारावे. बी. व्ही. के. अय्यंगार रोडवरची दिव्यांची दुकाने पालथी घालण्याआधी घरचाच टेबललॅम्प कपाटावर ठेवून त्याचे तोंड छताकडे करावे आणि दोन संध्याकाळी सगळ्यांनी त्या खोलीत बसून पाहावे. खोली मोकळी वाटली, तर तेवढाच खर्च करावा. जो दिवा उद्या दुसऱ्या घरी नेता येईल, तोच भाडेकरूला परवडतो.