पावतीपलीकडचा हिशेब



गेल्या महिन्यात बंगळुरूच्या आमच्या युनियन ऑफिसात एका निवृत्त सहकाऱ्याची मुलगी आली होती. वडिलांनी उभी हयात कीमन म्हणून रुळांच्या कडेने चालण्यात घालवली. मुलगी साडेचार वर्षे शिकून फिजिओथेरपिस्ट झाली आणि शहरातल्या एका खासगी इस्पितळात कामाला लागली. तिने सरळ विचारले, "काका, असोसिएशनची मेंबर हो म्हणून सगळे मागे लागलेत. पैसे भरून मला मिळणार काय?"

हा प्रश्न आम्हाला नवा नाही. पावतीपुस्तक घेऊन गँगच्या क्वार्टर्समध्ये किंवा आर.एम.एस.च्या सॉर्टिंग हॉलमध्ये गेलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने तो ऐकला आहे. तिला दिलेले उत्तर आम्ही इथे मांडत आहोत, कारण आज रेल्वे-पोस्टातल्या कितीतरी कामगारांची मुले-मुली या धंद्यात शिरत आहेत. शिवाय वाकून वाकून कंबर धरलेला ट्रॅकमन आणि झोळीच्या ओझ्याने खांदा उतरलेला पोस्टमन अखेरीस याच माणसांच्या हाती जातो. त्यांचा धंदा सांभाळला गेला, तर आपले हातपाय सांभाळले जातील.

आधी थोडा इतिहास पाहू. आपल्या देशात या विद्येचे पहिले पद्धतशीर शिक्षण १९५३ साली मुंबईत, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू झाले. त्या काळी पोलिओने पांगळी झालेली मुले पुन्हा उभी करायला प्रशिक्षित माणसे नव्हती. पुढे दोनच वर्षांत, १९५५ साली, इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स स्थापन झाली. मूठभर माणसे होती, पण त्यांनी संघटना आधी बांधली. १९६७ साली ही संघटना जागतिक महासंघाची सभासद झाली.

तरीही सबंध देशासाठी कायदा नव्हता. डॉक्टरांची परिषद होती, नर्सेसची होती, पण फिजिओथेरपिस्ट कोणाला म्हणावे हे ठरवणारी राष्ट्रीय यंत्रणा नव्हती. चार दिवस कुठे मालिश शिकलेला माणूसही पाटी लावून बसू शकत होता. महाराष्ट्रात राज्य परिषदेचा कायदा झाला. केंद्रात २००७ साली विधेयक आले, पण लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले. अखेर मार्च २०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय आयोगाचा कायदा मंजूर केला. त्यात राष्ट्रीय व राज्य पातळीवर नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे आणि फिजिओथेरपीला स्वतंत्र स्थान आहे. १९५५ ते २०२१ म्हणजे सहासष्ट वर्षे! एवढा काळ निवेदने देत राहणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. माणसे निवृत्त होतात, संघटना निवृत्त होत नाही.

हे ऐकून मुलगी म्हणाली, "ते झालं काका, पण उद्या सकाळी मला काय?"

मग तिने आपली खरी अडचण सांगितली. तिच्या इस्पितळात रुग्णांची संख्या वाढली की मशीन लावण्याचे काम शिक्षण नसलेल्या मदतनिसाकडे दिले जाते आणि कागदावर सही मात्र तिची घेतली जाते. नाही म्हणावे तर अकरा महिन्यांचे कंत्राट पुढे वाढणार नाही, ही भीती. रुग्णाला भाजले किंवा मणक्याला इजा झाली, तर जबाब द्यायला तीच उभी राहणार.

आम्ही तिला म्हटले, "पोरी, असोसिएशन हवी ती यासाठीच." एकटी बाई 'मी सही करणार नाही' म्हणाली, तर तो हट्ट ठरतो. 'माझ्या व्यवसायाच्या आचारसंहितेत हे बसत नाही' असे लेखी दिले, तर तो नियम ठरतो. शिवाय परिषदा आणि अभ्यासवर्गांतून नवी माहिती मिळते, ज्येष्ठांचा सल्ला मिळतो, दुसऱ्या इस्पितळात काय चालते ते कळते. ज्याला बाहेरचे काही कळत नाही, त्याला मालक सांगेल तेच खरे वाटते.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. व्यावसायिक असोसिएशन म्हणजे युनियन नव्हे. ती विद्येचा दर्जा आणि धंद्याची अब्रू राखते. पगार, कामाचे तास आणि कंत्राट यांसाठी मालकासमोर बसणे हे युनियनचे काम. 'आम्ही शिकलेले, आम्हाला युनियन कशाला?' असे म्हणणाऱ्यांनी इंग्लंडकडे पाहावे. तिथे १८९४ साली चार नर्सेसनी आपल्या धंद्याची बदनामी थांबवण्यासाठी संस्था काढली. तीच पुढे फिजिओथेरपिस्टांची चार्टर्ड सोसायटी झाली. १९२० साली तिला राजसनद मिळाली. तीच सोसायटी १९७६ साली ट्रेड युनियन झाली आणि १९९२ साली तिथल्या ट्रेड युनियन काँग्रेसला जोडली गेली. राजसनद असलेल्यांना युनियनची लाज वाटली नाही!

आणि बंगळुरूने तर हे संकोचाने पाहूच नये. १९७८ साली याच शहराच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'उद्योग' या शब्दात इस्पितळांनाही धरले होते. त्या व्याख्येवर पुढे वाद झाले, कायद्याची भाषाही बदलली. पण इस्पितळातही मालक-नोकर हे नाते असते, हे या शहराच्या नावाने देशभर गेले.

मुलीने असोसिएशनचा फॉर्म भरला. इस्पितळातल्या नर्सेस आणि टेक्निशियन यांच्याशी बोलून पाहते, असेही म्हणाली. सहीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो एका पावतीने सुटतो असे सांगून आम्ही तिला फसवले नाही. पण आता ती एकटी नाही.

आमच्या सभासदांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. घरात कोणी फिजिओथेरपिस्ट असेल, तर त्याला संघटनेचा रस्ता दाखवा. आपण आयुष्यभर जे शिकलो ते आपल्याच घरात पोहोचले पाहिजे. आणि स्वतः उपचाराला जाल तेव्हा शिक्षण कुठले, नोंदणी आहे का, हे संकोच न करता विचारा. ज्याची नोंदणी आहे त्याला या प्रश्नाचा राग येणार नाही.