पासवर्ड कुणाच्या वहीत?

गेल्या खेपेला गावी गेलो. विदर्भ एक्सप्रेसनं भंडारा रोड, भंडाऱ्याच्या स्टँडावरून पवनीची एसटी, अन् अड्याळ. माय घरी नव्हती. फॉर्म भरायच्या दुकानासमोर रांगेत उभी. लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी. तिचा मोबाईल दुकानदाराच्या हातात. आलेला ओटीपी तो चारचौघांत मोठ्यानं वाचतोय. पासवर्ड त्यानंच ठरवलेला, त्याच्याच वहीत लिहिलेला.

मी म्हटलं, "माय, तो नंबर कुणाले सांगाचा नाही."

ती म्हणाली, "मले वाचता येते का बापा? त्याले येते, म्हून देल्ला."

मी मॅट्रिक. गोदीत ठेकेदाराच्या हजेरीवर माल हलवतो, रात्री कविता लिहितो. गोदीनं मला एक शिकवलंय : ओझं ज्याच्या पाठीवर, त्याचा माल नसतो. कागद ज्याच्या हातात, त्याचा माल. आज्याचा अंगठा सावकाराच्या वहीत होता. मायचा पासवर्ड दुकानदाराच्या वहीत आहे. वही बदलली. आपण तिथंच.

म्हणून म्हणतो, अड्याळच्या आमच्या वस्तीत वाचनालय पाहिजे. वस्तीचं, स्वतंत्र.

शहाणे म्हणतील, सरकारमान्य वाचनालयं आहेत की! आहेत. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गाप्रमाणं अनुदान. पण मद्रासनं १९४८ सालीच कायदा करून मालमत्ता करासोबत ग्रंथालय कर बसवला. महाराष्ट्राच्या कायद्यात असा कर नाही. इथं कुणीतरी संस्था काढायची अन् अनुदानाची वाट बघायची. मग संस्था ज्यांची, कपाट त्यांचं. कपाटात काय ठेवायचं तेही तेच ठरवणार. वर अनामत, वर वर्गणी. रोजीवाली बाई त्या दारात पाय ठेवील? सरकारकडं हक्कानं मागूच, तो पैसा आपलाच आहे. पण किल्ली वस्तीकडं पाहिजे. दिल्लीत द कम्युनिटी लायब्ररी प्रोजेक्टची वाचनालयं कष्टकऱ्यांच्या पोरांसाठी चालतात. सभासद व्हायला पैसा लागत नाही. मग आपल्याला काय धाड भरलीय?

दुसरे म्हणतील, हातोहाती मोबाईल आला, आता पुस्तकं कशाला? दोस्तहो, मोबाईल दाखवतो, शिकवत नाही. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला की रील बघणारं पोरगं त्याच दुकानात जातं. वाचता येणं अन् यंत्र चालवता येणं ही आता एकच लढाई आहे. अन् ती शाळा सुटली म्हणून संपत नाही. पन्नाशीतली मायही विद्यार्थीच.

१९१७ साली बाबासाहेब लंडनहून मुंबईला परतले. वेगळ्या जहाजानं धाडलेली त्यांची पुस्तकं बुडाली. जर्मन पाणबुडीनं जहाज फोडलं होतं. गोदीत पेट्या उतरवताना ते मला आठवतं. पुस्तकं बुडाली म्हणून ते थांबले नाहीत. पुन्हा जमवली, दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा ठेवून. अन् याच भंडाऱ्यानं १९५४ च्या पोटनिवडणुकीत त्यांना पाडलं. त्याची भरपाई पुतळ्यानं होत नाही, डीजेनं तर नाहीच.

पवनी आमच्या शेजारी. १९६९-७० च्या उत्खननात तिथं स्तूप सापडले. दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांमागं याच मातीत माणसांची नावं अक्षरात आली. अन् आज माझ्या मायचं नाव दुसराच कुणी टाईप करतो.

तर काम असं. विहाराची खोली, रोज संध्याकाळी दोन तास. बाबासाहेबांचे खंड, संविधान, कवितांची पुस्तकं, रोजचा पेपर, एक जुना संगणक. फी नाही, अनामत नाही, जात विचारायची नाही. नियम एकच : कुणी कुणाचा फॉर्म भरून द्यायचा नाही. शेजारी बसायचं, दाखवायचं. कळ ज्याची त्यानंच दाबायची. वेळ लागेल. लागू द्या. भरून दिला की आपणही दुकानदारच झालो.

संगणकासाठी मी हजेरीतून पैसे बाजूला टाकतोय. तुम्ही आपापल्या वस्तीत खोली बघा. उद्घाटनाला पुढारी बोलवू नका. फीत कापायला माय नाही म्हणाली. आधी आपलं नाव लिहाले शिकव म्हणाली.