पासबुक कुणाजवळ?

१९८९ साल असावे. तालुक्याच्या शाखेत मी नवखा अधिकारी होतो. शेतमजुरी करणारी एक बाई बाजारच्या दिवशी यायची, वीस-तीस रुपये भरायची आणि पासबुक मात्र परत न्यायची नाही. "साहेब, तुमच्यापाशीच असू द्या. घरी दिसलं की गेलंच म्हणून समजा." नियमात बसत नव्हते, पण ते पासबुक माझ्या खणात राहिले.

वर्षाने तिने सगळी रक्कम काढली. पदरी तीन मुली, सासूला नातू हवा. म्हणाली, "ऑपरेशन करून घेते. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. पण पुढं कामावर जाता यायचं नाही. रोज बुडला तर पोरींनी खायचं काय?" शस्त्रक्रिया फुकट होती, विश्रांती नव्हती! तिच्या त्या ठेवीचा हिशेब मला तेव्हा कळला.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ साली. शंभरावर वर्षे लोटली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की, स्वतः वापरत असलेले बँक खाते २०१५-१६ मध्ये देशातल्या ५३ टक्के स्त्रियांकडे होते. २०१९-२१ मध्ये ते प्रमाण ७८.६ टक्के झाले. आनंदच आहे. पण त्याच पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांची नसबंदी झालेली दिसते, आणि पुरुष नसबंदी? ०.३ टक्के!

२०२४ मध्ये 'लाडकी बहीण'चे दीड हजार थेट स्त्रियांच्या खात्यात पडू लागले. मात्र खात्याला जोडलेला मोबाइल नवऱ्याच्या खिशात असेल, तर ते खाते नावापुरतेच तिचे. दवाखान्यातही तेच. नसबंदीला जोडीदाराची संमती सक्तीची नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्यालाही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. तरी "मालकांची सही आणा" हे वाक्य काही संपत नाही. शरीर तिचे, सही त्याची.

दुसऱ्यांना नावे ठेवणे सोपे आहे म्हणा. आमच्या दुसऱ्या मुलानंतर शस्त्रक्रिया झाली ती पत्नीची. ती शिक्षिका, पगार स्वतःचा, पासबुकही तिच्याच कपाटात. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, त्यात पोट उघडावे लागत नाही, हे मी वाचले होते. तिने एकदाच विचारले. मी म्हणालो, "मला रजा मिळणार नाही गं."

माझ्या खाती तेव्हा दोन महिन्यांची रजा शिल्लक होती.