इंग्रजीत 64 गुण, तरी ईमेल वाचता येईना!

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीत पेढे वाटले जातात. ज्या घरात आजोबांना अंगठा उठवावा लागला, त्या घरात नात दहावी पास होते, याचा आनंद आम्हालाही आहे. पण या आनंदावर विरजण घालणारा एक प्रश्न आज विचारलाच पाहिजे. आमच्या मुलांना इंग्रजीत जे गुण मिळतात, ते नेमके कशाचे असतात?

आम्ही काही कार्यकर्ते मिळून बुद्धविहारात रविवारची अभ्यासिका चालवतो. तिथे येणाऱ्या एका मुलीला दहावीत इंग्रजीत 64 गुण होते. अकरावीत तिने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. महिनाभराने महाविद्यालयाकडून इंग्रजीत ईमेल आला. उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही, सात दिवसांत जोडा, नाहीतर अर्ज रद्द समजला जाईल, एवढाच त्याचा आशय. शेवटच्या वाक्यात 'फेलिंग विच' असे शब्द होते. पोरीला 'फेल' हा शब्द माहीत होता. तिला वाटले, आपण नापास झालो, अर्ज गेला. तिने फोन बंद केला आणि लाजेने कोणाला सांगितलेही नाही. सात दिवस गेले, शिष्यवृत्ती गेली. फी भरण्यासाठी तिच्या आईने बचत गटातून कर्ज काढले.

आता काही शहाणे म्हणतील, मुलीने विचारायला हवे होते. आम्ही म्हणतो, तिने विचारायला हवे होतेच. पण ज्या व्यवस्थेने तिला 64 गुणांचा कागद दिला, त्या व्यवस्थेला कोण विचारणार? चार ओळींचा ईमेल ज्या मुलीला समजत नाही, तिला तुम्ही 64 गुण कोणत्या गोष्टीचे दिलेत?

आम्ही मग या पेपराचाच अभ्यास केला. मराठी माध्यमाच्या मुलांना दहावीत इंग्रजी ही तृतीय भाषा असते. लेखी 80 गुण, अंतर्गत 20. लेखी पेपरात पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांना 20 गुण आणि कवितेला 10. म्हणजे 30 गुण अशा मजकुरावर, जो वर्षभर वर्गात, शिकवणीत आणि गाईडमध्ये दळून झालेला असतो. पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला सारांश धरून 15 गुण. वाचता येते की नाही हे ओळखीच्या मजकुरावर कळत नाही, ते अनोळखी मजकुरावरच कळते. पण आपल्या पेपरात ओळखीच्या मजकुराचे वजन दुप्पट आहे.

आणि त्या 15 गुणांचे तरी काय होते? एक गंमत करून पाहा. हे वाक्य वाचा: 'द ब्लिगो वॉज टिंबिंग इन द झोक.' आता प्रश्न: 'व्हेअर वॉज द ब्लिगो टिंबिंग?' तुम्ही लगेच उत्तर द्याल, 'इन द झोक.' उत्तर बरोबर, गुण पूर्ण! ब्लिगो म्हणजे काय, टिंबिंग म्हणजे काय, हे तुम्हालाही माहीत नाही आणि आम्हालाही नाही, कारण हे शब्दच आम्ही बनवलेले आहेत. आमची मुले असेच उतारे 'सोडवतात'. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या मागचे-पुढचे वाक्य उतरवायचे. शिकवणीवाले हीच युक्ती शिकवतात. ही वाचनाची परीक्षा नाही, ही नजरेची परीक्षा आहे.

व्याकरणाची कथा वेगळी नाही. 'ही इज टू वीक टू वॉक' याचे 'सो... दॅट' वापरून रूपांतर करा म्हटले, की मुले झटक्यात लिहितात: 'ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक.' आम्ही अभ्यासिकेत याच मुलांना विचारले, "मग तो माणूस चालू शकतो का?" निम्मी मुले एकमेकांकडे बघू लागली. सूत्र पाठ आहे, अर्थ ठाऊक नाही. मंत्र पाठ करून घ्यायचा आणि अर्थ सांगायचा नाही, ही या देशातली जुनी शिक्षणपद्धती आहे. ती संस्कृतातून इंग्रजीत आली, एवढाच फरक!

हे फक्त आमच्या वस्तीचे दुखणे आहे असेही नाही. 'असर' या सर्वेक्षणाचा 2023 चा अहवाल ग्रामीण भारतातील 14 ते 18 वयाच्या मुलांवर आहे. त्यात इंग्रजीतली साधी वाक्ये वाचू शकणारी मुले 57.3 टक्के निघाली. त्या वाचणाऱ्यांपैकी अर्थ सांगू शकणारी 73.5 टक्के. दोन्हींचा हिशेब घातला तर शंभरातली सुमारे बेचाळीस मुले साधे इंग्रजी वाक्य वाचून त्याचा अर्थ सांगू शकतात. आणि जवळपास चौथा हिस्सा मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उताराही सरळ वाचता येत नव्हता. म्हणजे घाव मुळाशी आहे. 'असर'ची चाचणी साधी असते: अक्षरे, मग शब्द, मग वाक्ये, आणि शेवटी अर्थ सांग. तो शेवटचा प्रश्नच आमच्या बोर्डाच्या पेपरात हरवला आहे.

निकालाचे आकडे मात्र दिपवणारे असतात. 2018 साली राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 साली भाषा विषयांचे 20 अंतर्गत गुण बंद झाले, अभ्यासक्रमही नवा होता, निकाल 77.10 टक्क्यांवर आला. ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले, आणि 2020 साली निकाल 95.30 टक्के लागला. महाराष्ट्राची मुले एका वर्षात ढ झाली आणि पुढच्याच वर्षी हुशार झाली असे कोणी म्हणेल का? मुले तीच होती, मोजपट्टी हलली. जी मोजपट्टी धोरण बदलले की अशी हलते, ती मुलांचे ज्ञान मोजत नाही, सरकारची सोय मोजते.

यात भरडला कोण जातो? ज्याच्या घरात इंग्रजी पेपर येतो, आई-बाप इंग्रजी बोलतात, त्या मुलाला बोर्डाच्या पेपराने काही फरक पडत नाही. त्याची खरी परीक्षा घरी रोज होत असते. पण ज्याच्या घरात इंग्रजीचा एकमेव दरवाजा म्हणजे शाळा, त्याला शाळेने खोटे गुण दिले तर त्याची फसवणूक होते. ती त्याला कळते बारावीनंतर. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे इंग्रजी पुस्तक उघडल्यावर, बँकेच्या परीक्षेत, मुलाखतीच्या खोलीत कळते. तेव्हा हेच लोक म्हणतात, "बघा, यांच्यात मेरिट नाही!" आधी खोटी मोजपट्टी लावायची, मग खरी लावून मेरिट काढायचे, हा दुहेरी डाव आहे.

वाचनाबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. अमेरिकेत 1988 साली रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी शाळकरी मुलांना बेसबॉल सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा उतारा चांगला समजली. अर्थ उघड आहे. उतारा कोणाच्या जगातला आहे, यावर कोण 'हुशार' ठरणार हे बरेचसे ठरते. विमानतळ, पियानो आणि हिल स्टेशनच्या सुट्टीचा उतारा द्या, एका वर्गाची मुले पुढे जातील. एसटी डेपो, ऊसतोड, रेशन दुकान, पाण्याचा टँकर, 14 एप्रिलची मिरवणूक यांवर इंग्रजी उतारा द्या आणि मग बघा. आम्ही म्हणत नाही की आमच्या मुलांनी फक्त आपल्याच जगाबद्दल वाचावे. त्यांनी सगळे जग वाचावे. पण पेपर काढणाऱ्याच्या टेबलावर फक्त एकाच वर्गाचे जग असू नये.

इथे दोन प्रकारचे लोक आम्हाला सल्ला द्यायला येतात. पहिले म्हणतात, "इंग्रजीचा बोजा कशाला? मातृभाषेत शिका." मराठीवर आमचेही प्रेम आहे, बाबासाहेबांनी 1920 साली 'मूकनायक' काढला तो मराठीतच. पण हा सल्ला देणाऱ्यांची नातवंडे कोणत्या माध्यमात आहेत, ते आधी सांगा. सावित्रीबाईंनी 1854 च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. जोतीराव स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, त्यांना फारसी घ्यावी लागली. इंग्रजीचे दार मात्र बंद करता आले नाही, आणि त्याच दारातून ते कोलंबियापर्यंत गेले. त्यांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेतले शिक्षक होते, ते घरी अभ्यास करून घेत. आमच्या किती मुलांच्या घरी असे सुभेदार आहेत? म्हणून तर शाळा पक्की पाहिजे.

दुसरे लोक भक्तीत रमतात. उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यातील बांका गावात 2010 साली 'इंग्रजी देवी'च्या मंदिराचे काम सुरू झाले होते. त्यामागची तळमळ आम्ही समजू शकतो. पण देवी केली की पूजा सुरू होते आणि अभ्यास थांबतो. इंग्रजी ही देवी नाही आणि वाघीणही नाही. ते हत्यार आहे. हत्याराची पूजा करत नाहीत, त्याला धार लावतात. धार लागली की नाही हे तपासण्यासाठी परीक्षा असते. म्हणून परीक्षा बंद करा, सोपी करा, असे आम्ही म्हणत नाही. परीक्षा खरी करा, एवढेच म्हणतो.

आमच्या मागण्या चार आहेत.

एक. वाचनाचे निम्म्याहून जास्त गुण अनोळखी उताऱ्यावर ठेवा. त्यात गोष्ट असावी, बातमी असावी, आणि सूचना, नोटीस, अर्ज, औषधाच्या पाकिटावरचा मजकूरही असावा.

दोन. उतारा इंग्रजीत द्या, पण समजल्याची काही उत्तरे मराठीत लिहू द्या. आज ज्याला उतारा समजला पण इंग्रजीत लिहिता येत नाही, त्याला शून्य मिळते; ज्याला काहीच समजले नाही पण ओळ उतरवता आली, त्याला पूर्ण गुण मिळतात. कोणी म्हणेल, मग इंग्रजी लिहायला कधी शिकणार? लेखनाची परीक्षा वेगळी घ्या, आणि कडक घ्या. वाचन मोजायचे तिथे वाचनच मोजा.

तीन. व्याकरण अर्थासह विचारा. नियमावलीत 'शॅल' असेल तर काय आणि 'मे' असेल तर काय? 'इफ' आणि 'अनलेस' यांनी अट कशी उलटते? अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या संविधानाच्या कलम 17 मध्ये, ती पाळणे हा गुन्हा ठरवताना 'शॅल' हा शब्द आहे, 'मे' नाही. या दोन शब्दांत हक्क आणि मर्जी एवढे अंतर आहे. आमच्या मुलांना 'क्वेश्चन टॅग' यायला हरकत नाही, पण हे अंतर आलेच पाहिजे.

चार. आठवीच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाची वाचन चाचणी घ्या, पास-नापास करण्यासाठी नव्हे तर कुठे अडते ते कळण्यासाठी, आणि अडलेल्या मुलांना त्याच शाळेत, शाळेच्याच वेळात जादा तास द्या. डॉक्टरने ताप मोजावा आणि औषध न देता घरी पाठवावे, अशी चाचणी आम्हाला नको.

सरकार हे उद्या करेल अशा भ्रमात आम्ही नाही. म्हणून समाजातल्या शिकलेल्या भावा-बहिणींना विनंती आहे. तुमच्या विहारात, समाजमंदिरात दर रविवारी एक तास द्या. मोठी सामग्री लागत नाही. विल्सन टेलर यांनी 1953 साली 'क्लोझ' नावाची पद्धत मांडली. कोणताही सोपा इंग्रजी मजकूर घ्या, पहिले वाक्य तसेच ठेवा, पुढे प्रत्येक सातवा शब्द खोडा आणि मुलांना रिकाम्या जागा भरायला सांगा. अर्थ आणि व्याकरण दोन्ही कळल्याशिवाय जागा भरता येत नाहीत, आणि कोणत्याही गाईडमध्ये उत्तर सापडत नाही. मग मुलाला एवढेच म्हणा, "आता हे तुझ्या आईला मराठीत समजावून सांग." जे आईला सांगता आले, तेच वाचता आले.

आमची ती मुलगी आता बारावीत आहे. दर रविवारी येते. अभ्यासिकेच्या फळ्यावर तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे: 'फेलिंग विच म्हणजे नाहीतर.' नव्या मुलांना ती पहिल्यांदा हेच शिकवते. एका वर्षाची शिष्यवृत्ती मोजून तिने हे दोन शब्द विकत घेतले. पुढच्या पोरींना ते शाळेत फुकट मिळायला हवेत, कारण तो त्यांचा हक्क आहे.

जय भीम!