सक्तीशिवाय हरवलेल्या मुली

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मोबाइलच्या दुकानात चार्जर उलटा करून पाहावा. बारीक अक्षरांत 'मेड इन चायना' अनेकदा सापडते. चीनचा प्रभाव असा खिशापर्यंत पोहोचला आहे. तो ज्या हातांनी घडवला, ते हात मात्र आता कमी होत आहेत.

१९६१नंतर प्रथमच, २०२२मध्ये चीनची लोकसंख्या घटली. एकाच अपत्याची सक्ती तिथे १९८०पासून सुमारे ३५ वर्षे चालली. तिला मुलग्याचा हट्ट आणि सोनोग्राफीची जोड मिळाली. २००४च्या सुमारास १०० मुलींमागे १२१ मुलगे जन्मत होते. आज तीन अपत्यांची मुभा असूनही पाळणे रिकामेच आहेत.

कोल्हापूरकरांनी मुली हरवण्याचे हे दुखणे परक्याचे समजू नये. इथे तर सक्तीही नव्हती! तरीही २००१च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८३९. राजर्षी शाहूंच्या जिल्ह्याला हा आकडा शोभत नाही. सोनोग्राफी यंत्रांवर तपासण्यांची नोंद ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे उपकरण बसवण्याची सुरुवातही इथेच झाली, हे खरे. पण यंत्रावरचा पहारा मनातला हट्ट काढू शकत नाही.

लिंगनिदानाची कुजबुज कानावर आली, तर वाचकांनी गप्प बसू नये. आरोग्य विभागाला कळवावे.