विश्लेषण : प्रकाशक बंद, पुस्तक गायब... जुन्या नोटेशनच्या पुस्तकांवर हक्क कुणाचा?

गाण्याच्या क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी ना कधी हा मेसेज येतोच : ‘अमुक पुस्तकाची पीडीएफ कुणाकडे आहे का?’ पुस्तक नोटेशनचं असतं, दुकानात मिळत नाही आणि प्रकाशन संस्था केव्हाच बंद पडलेली असते. थोड्या वेळाने कुणीतरी तिरकी, पुसट, मधली पानं गळालेली फाइल टाकतं. सगळे हात जोडून आभार मानतात. पण ही फाइल पुढे पाठवणं कायद्यात बसतं का? आणि तिच्यावरून बंदिश शिकावी का?

ही पुस्तकं दुर्मीळ का झाली?

बडोद्यात मौलाबक्ष यांनी १९व्या शतकातच नोटेशनची पुस्तकं छापली. पुढे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर आणि पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी आपापल्या स्वरलिपी रूढ केल्या. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि पुस्तकांसाठी स्वतःचा छापखानाही घातला. पण कर्जापायी मुंबईतल्या विद्यालयाच्या इमारतीचा लिलाव झाला.

नोटेशन छापणं मुळात कटकटीचं. अक्षरांच्या वर-खाली टिंबं, रेघा, कंस, मात्रांच्या खुणा बसवाव्या लागतात. घेणारे मोजकेच, त्यामुळे आवृत्ती लहान. मालक गेला किंवा छापखाना विकला गेला की पुढची आवृत्ती निघतच नाही.

प्रकाशक बंद म्हणजे पुस्तक सर्वांसाठी खुलं?

नाही. सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. भारतात कॉपीराइटची मुदत लेखकाच्या मृत्यूवरून मोजतात, प्रकाशकाच्या दुकानावरून नाही. मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. १९९२च्या दुरुस्तीआधी ही मुदत ५० वर्षं होती. तोवर जे हक्क संपले होते, ते पुन्हा जिवंत झाले नाहीत.

पलुस्कर १९३१ मध्ये गेले, भातखंडे १९३६ मध्ये. त्यांच्या हयातीत निघालेल्या पुस्तकांवरचा हक्क अनुक्रमे १९८१ आणि १९८६च्या अखेरीस संपला. ‘राग विज्ञान’चे कर्ते पं. विनायकराव पटवर्धन मात्र १९७५ मध्ये गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०३५च्या अखेरपर्यंत आहे. पुस्तक बाजारात असो वा नसो, हिशेब तोच.

एका पानावर किती जणांचा हक्क?

कायद्यातल्या ‘संगीतकृती’च्या व्याख्येत कागदावर लिहिलेलं नोटेशन येतं, गाण्याचे शब्द मात्र येत नाहीत. शब्दांचा हक्क वेगळा. ‘संगीत मानापमान’ १९११ मध्ये रंगभूमीवर आलं. पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, टेंबे १९५५ मध्ये. म्हणजे शब्द २००९ पासून खुले झाले, चाली २०१६ पासून.

पारंपरिक बंदिश कुणा एकाच्या मालकीची नसते. पण पुस्तकातलं विवेचन, प्रस्तावना, भाषांतर यांवर ज्याचा त्याचा हक्क असतो. भातखंड्यांचं मूळ मराठी लेखन खुलं आहे, म्हणून हाथरसहून निघालेली हिंदी भाषांतरंही आपोआप खुली होत नाहीत.

वारस सापडतच नसतील तर?

कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-अ मध्ये यावर उपाय आहे. लेखक हयात नसेल, अज्ञात असेल किंवा हक्कदाराचा पत्ता लागत नसेल, तर प्रकाशनाचा परवाना मागता येतो. २०१२च्या दुरुस्तीनंतर हे आधी प्रकाशित झालेल्या कृतींनाही लागू झालं. त्यासाठी आधी देशात मोठ्या प्रमाणावर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते.

पूर्वी असे अर्ज अपील मंडळापुढे जात. २०२१ मध्ये ते मंडळ रद्द झालं आणि काम उच्च न्यायालयाकडे गेलं. आता दोन-तीनशे प्रती काढू पाहणाऱ्या एखाद्या शिक्षकाचा विचार करा. जाहिरात, वकील, तारखा... हा खर्च पुस्तकाच्या विक्रीतून निघणं कठीण. वाट कागदावर आहे, पण लहान माणसाला परवडणारी नाही.

युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशात वेगळा मार्ग काढला. बाजारात न मिळणाऱ्या कृती ग्रंथालयांना सामूहिक परवान्यावर ऑनलाइन ठेवता येतात. त्याची आगाऊ जाहीर नोंद करावी लागते आणि हक्कदार कधीही ‘माझी कृती काढा’ म्हणू शकतो. म्हणजे आधी शोधाशोध करण्याचा भार बराच हलका होतो.

ग्रंथालय काय करू शकतं?

इथे आपला कायदा उदार आहे, पण फार थोड्यांना ते माहीत असतं. पुस्तक भारतात विक्रीला नसेल, तर बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती काढू शकतं. कलम ५२ मधल्या या तरतुदीत संगीताच्या छापील कागदांचा उल्लेख नावानिशी आहे. हाती असलेल्या छापील प्रतीची जतनासाठी डिजिटल नक्कल ठेवायलाही मुभा आहे. शिवाय खासगी अभ्यासासाठी वाजवी वापराची सवलत वाचकालाही आहे. पण अख्खं पुस्तक शेकडो जणांच्या ग्रुपवर टाकणं ‘खासगी अभ्यास’ ठरवणं अवघड आहे.

शोध कुठून सुरू करायचा?

आधी पुस्तक नेमकं कोणतं, ते ठरवा. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १८०० ते १९५० पर्यंतच्या पुस्तकांची नोंद देते. लेखकाचं टोपणनावही तपासा. भातखंड्यांनी ‘चतुरपंडित’ आणि ‘विष्णुशर्मा’ या नावांनी लिहिलं आहे. फक्त आडनावावर शोधलंत तर अर्धी नोंद हुकेल.

मग ग्रंथालयं. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकांना कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय यांसह चार ठिकाणी प्रत द्यावी लागते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि पुणे नगर वाचन मंदिर ही जुनी घरंही आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे स्कॅन मिळतात, पण तिथली नावं रोमन लिपीत वाटेल तशी लिहिलेली असतात. चार-पाच स्पेलिंग करून पाहा.

पाश्चात्त्य संगीताच्या छापील स्वरलेखनासाठी २००६ पासून आयएमएसएलपी हे खुलं भांडार आहे. व्हिएन्नाच्या एका प्रकाशकाच्या नोटिशीनंतर ते २००७ मध्ये बंद झालं होतं, २००८ मध्ये पुन्हा सुरू झालं. वाद मुदतीचाच होता : तेव्हा कॅनडात मृत्यूनंतर ५० वर्षं, युरोपात ७०. मराठी नोटेशनसाठी त्या तोडीचं एकत्र भांडार अजून उभं राहिलेलं नाही.

स्कॅन मिळाला, मग झालं?

थांबा. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. पुसट स्कॅनमध्ये ती उडाली, तर कोमल स्वर शुद्ध दिसतो. भैरवातल्या रिषभ-धैवताखालच्या रेघा गेल्या, तर कागदावर बिलावलचे स्वर उरतात! पलुस्कर पद्धतीची चिन्हं आणखी वेगळी. म्हणून पुस्तकात चिन्हांचा तक्ता असेल तर तो आधी पाहा. शक्य असेल तिथे दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहा आणि जाणकाराला विचारा.

घरात आजीचं किंवा गुरुजींचं जुनं नोटेशनचं पुस्तक असेल, तर रद्दीत जाण्याआधी शीर्षकाचं आणि छापखान्याची माहिती असलेलं अशा दोन पानांचे फोटो काढा आणि जवळच्या ग्रंथालयात विचारा. त्यांच्याकडे ते नसेल, तर मूळ प्रत तिथे देण्याचा विचार करा. हक्काचा हिशेब नंतरही करता येतो. शेवटची प्रत रद्दीत गेली, तर हक्क सांगायलाही काही उरत नाही.